दोनशे दहा पावले

जबाब देणाऱ्याचे नाव : दिनानाथ येसाजी घरत. वय : एकसष्ट. राहणार : नागाव, तालुका अलिबाग, जिल्हा रायगड. धंदा : सातबाऱ्यावर शेती, प्रत्यक्षात होमस्टे. सदर इसम जन्मापासून याच गावचा रहिवासी असून शरीराने धडधाकट, स्मरणशक्तीने शाबूत व समुद्राबाबत माहितगार आहे. त्याच्या घराचे तोंड पश्चिमेस, म्हणजे समुद्राकडे आहे. समुद्राचे तोंड कोणीकडे आहे, असा रकाना नमुन्यात नाही.

इथवरचा मजकूर कचेरीतून आलेल्या रत्नपालने दिनानाथच्या ओट्यावर बसून लिहिला. पुढचा रकाना कोरा राहिला. किनारा मे महिन्यातच यंत्राने मोजून झाला होता. पण नमुन्यात ‘ज्येष्ठ रहिवाशाचे म्हणणे’ असा एक रकाना होता, आणि कोरा रकाना घेऊन कागद पुढे जात नाही. यंत्राचा आकडा आणि माणसाचे म्हणणे जुळले, तर भरतीची रेषा पक्की होणार आणि तिच्या जवळपास नवे बांधकाम बंद. जुळले नाही, तर फेरतपासणी. फेरतपासणी चालू असताना माणसे दोन खोल्याच काय, लग्नाचा हॉल बांधून मोकळी होतात, हे रत्नपालने सांगितले नाही. ते गावात सगळ्यांना माहीत होते.

“काका, एकच सांगा. मोठ्या भरतीचं पाणी तुमच्या घरापासून किती लांब थांबतं?”

“दोनशे दहा पावलं.”

“मोजलंय?”

“दर वर्षी. नारळी पुनवेला. यंदाची चार दिसांवर हाय. मोजतो, मग सही करतो. उगाच खोटं कशाला लिवून द्यायचं?”

रत्नपालने ओट्यावरूनच समोर पाहिले. समोर समुद्र होता. मग त्याने चहाचा घोट घेतला आणि कपात पाहिले. होमस्टेच्या पाहुण्यांचा चहा टँकरच्या पाण्याचा होत असे. रत्नपालचा चहा दिनानाथच्या बायकोने, सत्यवतीने, विहिरीच्या पाण्याचा केला होता. चुकून नव्हे.

“विहीर कधीपासून अशी आहे?” रत्नपालने विचारले.

“कशी?” दिनानाथ म्हणाला.

“काही नाही,” रत्नपाल म्हणाला आणि चहा संपवला. सरकारी नोकरीत माणूस बरेच काही गिळायला शिकतो.

समुद्र वाढतो आहे, हे दिनानाथला मान्य नव्हते. तो गावातल्या होमस्टेवाल्यांच्या संघाचा सेक्रेटरी होता आणि हा मुद्दा त्याने दोन सभांमध्ये निकालात काढला होता. “समुद्र येतो न जातो. आपल्या आज्यानं पन हेच बघितलं,” हे पहिल्या सभेत. दुसऱ्या सभेत कोणीतरी मोबाइलवरची बातमी वाचून दाखवली, की इतक्या इतक्या वर्षांत मुंबईचा अमुक भाग पाण्याखाली जाणार. त्यावर दिनानाथने विचारले होते, “मंग ते मुंबैवाले हितं बंगले कशाला बांधतात? बुडनारा मानूस किनाऱ्याला जागा घेल का?” बंगल्यांची नळजोडणी, रंगकाम, बागकाम आणि राखण यांवर सभेतल्या निम्म्या लोकांची घरे चालत होती, त्यामुळे याचे उत्तर कोणी शोधले नाही.

दोनशे दहा हा आकडा दिनानाथचा नव्हता. तो त्याच्या बापाचा, येसाजीचा. येसाजी खारजमिनीच्या बांधाची राखण करणारा. भरतीला बांधावरून चालत पाणी कुठवर आले ते पावलांनी मोजायचे आणि गावात येऊन सांगायचे, हे त्याचे काम. नारळी पौर्णिमेला तो दुपारच्या भरतीच्या पाण्यात नारळ सोडायचा आणि वळून पाण्यापासून घरच्या उंबऱ्यापर्यंत पावले मोजत यायचा. दारात दिनानाथची आई पाण्याचा तांब्या घेऊन उभी. ती विचारायची, “किती?” तो सांगायचा, “दोनशे दहा.” ती म्हणायची, “हाय तिथं हाय,” आणि त्याच्या पायांवर पाणी घालायची. एखाद्या वर्षी दोनशे सात व्हायचे, एखाद्या वर्षी दोनशे चौदा. मग पाय धुण्याआधी येसाजी घटकाभर बांधाकडे बघत उभा राहायचा.

बाप गेल्यावर नारळ दिनानाथकडे आला आणि तांब्या सत्यवतीकडे. पहिली काही वर्षे आकडा आपणहून जुळला. मग एका वर्षी उंबऱ्याशी एकशे शहाण्णवच झाले. दिनानाथ वाळूत परत गेला आणि जरा बेताने चालत पुन्हा आला. दोनशे दहा. ‘आबा बुटके व्हते, त्यांची ढांग ल्हान,’ असा त्याने खुलासा केला. वास्तविक दिनानाथच येसाजीच्या खांद्याला लागायचा. पुढच्या वर्षांत पाऊल आणखी बेताचे झाले. निसर्ग वादळाने सुरूची पुढची रांग झोपवली, त्या वर्षी दिनानाथ घोट्याला मार लागलेल्या माणसासारखा चालत आला. आडवी झालेली झाडे ओट्यावरून दिसत होती. त्याने ती पाहिली आणि चहा मागितला. त्याला काही वाटले नाही. वाटायला हवे होते, असेही वाटले नाही. गेल्या वर्षी तो टाचेला अंगठा लावून आला. दर वर्षी सत्यवतीने विचारले, त्याने सांगितले, ती ‘हाय तिथं हाय’ म्हणाली आणि पाणी घातले. या बाबतीत घरात कधी भांडण झाले नाही.

यंदाच्या पावसात सुरूच्या उरलेल्या दोन रांगाही गेल्या. आता ओट्यावरून समुद्र आडपडद्याशिवाय दिसू लागला, आणि मुलगा निकेत खूश झाला. रस्त्यावरच्या फलकावर ‘समुद्रापासून २१० पावले’ असे दिनानाथने पूर्वी रंगवून घेतले होते. निकेतला तो फलक काढून तिथे ‘सी टच’ लिहायचे होते. शेजारच्या चांगदेवने तसे लिहिल्यापासून त्याच्या खोल्या शनिवार-रविवारी रिकाम्या राहत नव्हत्या. समुद्र जवळ आला, ही जाहिरात होती. समुद्र पुढे सरकला, ही अफवा होती. बापलेकांना दोन्ही एकदम पटत होते.

निकेतला अंगणाच्या पश्चिम टोकाला आणखी दोन खोल्या काढायच्या होत्या. जागा एकच होती, विहिरीची.

“तसं पण त्या पान्यात डाळ शिजत न्हाय,” निकेत म्हणाला. “दोन वरसं टँकरच येतोय ना? बुजवून टाकू. वर खोल्या. खिडकी उघडली का डायरेक समुद्र.”

“आनि खिडकी न्हाय उघडली तर?” सत्यवतीने विचारले.

“आई, तू पन ना.”

संध्याकाळी सत्यवती दिनानाथसमोर नारळ सोलत बसली.

“आवो, विहीर राहू दे. खोल्या रस्त्याच्या अंगाला काढा.”

“रस्त्याला कोन येतं? रस्ता तर मुंबैत पन हाय.”

“खारी का असंना, दिसते तरी. रोज सकाळी वाकून बघते मी, पानी कितव्या पायरीला हाय ते. बुजवली का ते पन कळनार न्हाय.”

“कळून काय करनार?”

याचे उत्तर तिच्याकडे होते, पण ते त्याच्या उपयोगाचे नव्हते. तिने नारळाची शेंडी नीट केली. मग म्हणाली, “येवढं करा. यंदा आबांच्या पावलांनी चाला. एकदाच. जे येईल ते त्या साहेबाला सांगा.”

दिनानाथने हिशेब केला. खरे सांगितले, तर रेषा पक्की. रेषा पक्की झाली, की निकेतच्या खोल्या गेल्या, चांगदेवचा वरचा मजला गेला, संघाच्या चाळीस घरांची कामे अडली. आणि सेक्रेटरी कोण, तर दिनानाथ. खोटे सांगितले, तर विहीर गेली. विहीर तशीही गेलेलीच होती.

“बघू,” तो म्हणाला.

पौर्णिमेला दुपारी पाऊण वाजता भरती भरली. दिनानाथ धुतलेला सदरा घालून निघाला आणि लगेच पोहोचला. त्याने हळदकुंकू लावलेला नारळ पाण्यात सोडला. लाटेने तो परत आणून त्याच्या पायाशी ठेवला. त्याने पुन्हा सोडला. तो गेला.

मग तो वळला. समोर घर होते. दारात सत्यवती तांब्या घेऊन उभी होती, आणि तिच्या कपाळावरचे कुंकू त्याला इथून दिसत होते. असे पूर्वी दिसत नसे. त्याने उजवा पाय उचलला. पाऊल बापासारखे टाकायचे की कसे, हे त्याने ठरवले नव्हते. पाय खाली आला तो डाव्या अंगठ्याला टाच लावूनच आला. सवय होती.

एक, दोन, तीन. टाचेला अंगठा, अंगठ्याला टाच. अंगणात निकेत पुण्याहून आलेल्या चार पाहुण्यांना घेऊन उभा होता. पाहुणे मोबाइल धरून होते. फाटकाशी साठ झाली, विहिरीशी सत्तर. सत्यवतीने त्याच्या पायांकडे पाहिले आणि मग पाहणे सोडून दिले. ब्याण्णवाव्या पावलाला उंबरा आला.

दिनानाथ थांबला. याहून लहान पाऊल माणसाला टाकता येत नाही. तो क्षणभर उंबऱ्याकडे बघत राहिला, मग डावीकडे वळला आणि तुळशीवृंदावनाला फेरी घालू लागला. त्र्याण्णव, चौऱ्याण्णव. सत्यवती तांब्या घेऊन तशीच उभी राहिली.

“हे काय आहे?” पाहुण्यांतल्या एका बाईंनी हळूच विचारले.

“आमची परंपरा,” निकेत म्हणाला. तुळशीभोवतीची फेरी त्याने पहिल्यांदाच पाहिली होती.

बाईंनी चपला काढल्या आणि त्या दिनानाथच्या मागून टाचेला अंगठा लावत चालू लागल्या. मग त्यांचे यजमान. मग उरलेले दोघे. दिनानाथने मागे वळून पाहिले नाही. आकडा चुकला असता. पाच माणसे तुळशीभोवती मुंगीच्या पावलांनी फिरत राहिली. लाटेचा फेस फाटकाखालून आत आला आणि परत गेला. तो कोणाच्या मोबाइलमध्ये आला नाही.

दोनशे दहा भरल्यावर दिनानाथ उंबऱ्यासमोर उभा राहिला.

“किती?” सत्यवतीने विचारले.

“दोनशे दहा.”

तिने पाणी घातले, आधी उजव्या पायावर, मग डाव्या. तांब्या पालथा केला. पुढचे शब्द ती म्हणाली नाही, आणि त्यांची वाटही कोणी पाहिली नाही. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी रत्नपाल आला. चहा नको म्हणाला. विहिरीजवळ खडी येऊन पडली होती. काम गणपतीनंतर धरायचे होते. सत्यवती काठावरून वाकून आत बघत होती.

“सरळ चालत आलात ना, काका?” रत्नपालने विचारले.

“आपल्या वाटंनं आलो.”

रत्नपालने रकाना भरला आणि नियमाप्रमाणे वाचून दाखवला : ‘मोठ्या भरतीची पाणरेषा माझ्या घरापासून दोनशे दहा पावलांवर असून, सदर अंतर मी स्वतः पायी चालून साक्षीदारांसमक्ष मोजले आहे. माझ्या वडिलांच्या काळापासून त्यात कोणताही फरक पडलेला नाही. हा जबाब मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय देत आहे.’

दिनानाथने सही केली.

त्यांतली एकशे अठरा पावले तुळशीभोवतीची होती.