पुढं हो, मागं हो

फोटो काढायच्या वेळी दादा मला म्हणाला, "तू जरा मागं हो रं."

मी मागं झालो. सवयीनं. पळसदरीला रस्त्याकडेला मांडव घातलेला, मांडवात बक्षिसांचं टेबल, टेबलापुढं आमचा सायकल क्लब ओळीनं उभा. मधोमध दादाचा पुतण्या, गळ्यात पदक. मी कुणाच्या तरी खांद्यामागं. फोटोत माझं अर्धं कपाळ तेवढं आलंय.

त्याआधी माईकवर सगळ्यांच्या वेळा वाचून झाल्या होत्या. माझी सगळ्यात वाईट. वाचणाऱ्यानं वर टोमणा हाणला, "पाववाले, पाव गार झाले की." माणसं हसली. दादाही हसला. बाकीच्यांचं काही वाटलं नाही. त्याचं हसणं लागलं.

दादा आमच्या क्लबचा कॅप्टन. कळंबकडं त्याची जमीन, जमिनीवर रिसॉर्ट. मी कर्जतच्या बेकरीतून पाव टाकणारा. पहाटे सायकलला मागं पावाची पेटी बांधायची आणि गावं फिरायची. दादाच्या घरी वर्षानुवर्षं पाव दिलाय, पण ओट्यावर. ओट्याच्या आत कुणी बोलावलं नाही. आमचं घर बौद्धवाडीत, गावाच्या पार टोकाला. एवढं सांगितलं की पुढचं आमच्याकडं सगळ्यांना कळतं.

एकदा भरलेल्या पेटीसकट मी चढावर दादाच्या क्लबच्या पोरांना मागं टाकलं. दुसऱ्या दिवशी ओट्यावर तो म्हणाला, "तुझ्यासारके पाय पायजेत रं आमाला." मी भुललो. एकाची चौकट, दुसऱ्याची चाकं, अशी रेसची सायकल जुळवली आणि रविवारी हजर झालो. सुटताना दादा सगळ्यांदेखत म्हणाला, "पुढं हो रं."

ते दोन शब्द मी जपून घरी आणले. माझ्या आज्याला गावानं जन्मभर मागं हो म्हटलं. पंगतीत मागं, सभेत मागं, होळीला तर नजरेच्याही पलीकडं. बापालाही तेच. आणि आता त्याच गावातला माणूस मला पुढं हो म्हणतोय. आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "कशापायी पुढं हो म्हनतो, ते इचार त्याला."

मला तिचा राग आला. हिला सगळीकडं तेच दिसतं, असं वाटलं.

सायकलवाल्यांत पुढं होणं म्हणजे काय, ते सांगतो. पुढचा माणूस वारा खातो. मागचे त्याच्या आडोशानं निम्म्या ताकदीत येतात. सगळा पावसाळा आणि सगळा हिवाळा वारा मी खाल्ला. माझ्या पाठीला चिकटून दादाचा पुतण्या. "ही आपली भिंत हाय," दादा म्हणायचा. मला ते आवडायचं, काय सांगू.

मग ही शर्यत आली. घड्याळाविरुद्धची शर्यत. एकेकाला सोडतात. पळसदरीहून निघायचं, खोपोलीच्या अलीकडून वळायचं, परत यायचं. पुढं कुणी नाही, मागं कुणी नाही. कुणाच्या आडोशाला राहिलं तर बाद. मला हीच पाहिजे होती. इथं माझे पाय माझेच राहणार होते. एकदा तरी माझ्या गावात माझी वेळ माझ्या नावानं वाचली जावी, एवढीच हौस.

सगळ्यांची नावं दादानंच दिलेली. सकाळी म्हणाला, "तुझा नंबर शेवटी हाय. तवर याला कर्जतपर्यंत फिरवून आन, पाय गरम होऊ देत त्याचे. पुढं हो रं."

झालो पुढं. दम लावून ओढलं त्याला.

परत येतो तर घड्याळवाला माझं नाव घेऊन ओरडतोय. माझी पाळी कधीच येऊन गेली होती. या शर्यतीत घड्याळ थांबत नाही. तुमची पाळी आली की ते सुटतं, तुम्ही असा नाहीतर नसा. पुतण्याचा नंबर माझ्यानंतर होता. तो निवांत पाणी पीत बसला.

मी तसाच सुटलो. डोकं तापलेलं, पाय रिकामे. वळणापर्यंत रागानं नेलं, पुढं रागही पुरला नाही. परतताना समोरून वारा. मांड्या दगड झाल्या. पुतण्या बाजूनं निघून गेला, माझ्याकडं बघितलंही नाही. माझेच पाय मला नीट देता आले नाहीत, याची लाज वाटली. रडू येत होतं, ते वाऱ्यावर ढकललं.

फोटो झाल्यावर मी दादाला गाठलं. "माजा नंबर शेवटी नव्हता. तुमाला म्हाईत होतं?"

"होतं ना," तो म्हणाला. खांद्यावर हात ठेवला. "पन तू आपलाच ना रं. घरच्या मानसानं येवडं नाय करायचं तर कुनी? तुझा कुठं नंबर येनार होता?"

निदान खोटं तरी बोलायचं होतंस दादा. विसरलो म्हणाला असतास, तर मी मानलं असतं. मला मानायचंच होतं. पण माझ्याशी खोटं बोलायचीही त्याला गरज वाटली नाही. घरचा माणूस म्हणे. ज्या घराचा उंबरा मी आतून बघितला नाही, त्या घरचा.

खांद्यावरचा हात मी काढला. तेव्हा आईचं बोलणं कळलं. रस्त्यावर पुढं हो म्हणणारा आणि फोटोत मागं हो म्हणणारा, तोंड एकच होतं. माझी जागा तोच ठरवत होता. आज्याच्या वेळेपासून तेच चाललंय, फक्त आता खांद्यावर हात ठेवून.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम गेलो. सगळे जमले होते. "पुढं हो रं," दादा म्हणाला, काही घडलंच नसल्यासारखं.

"नाय."

"मस्ती आली काय?"

मी सायकल त्याच्या बाजूला घातली, हँडलला हँडल लावून. तो जोरात निघाला, मीही. तो हळू झाला, मीही. पुढं गेलो नाही, मागं राहिलो नाही. पुढं कुणीच नव्हतं, त्यामुळं त्या दिवशी दादाच्या तोंडावर वारा लागला. थोड्या वेळानं त्याला धाप लागली. मी तिथून घरी आलो, क्लबात परत गेलो नाही.

पाव अजून टाकतो. त्याच्या ओट्यावर नाही. पुढच्या शर्यतीला नाव मी स्वतः देणार. क्लब कुठला विचारलं तर बौद्धवाडी सांगणार. माझा नंबर कितवा ते घड्याळवाल्याला माझ्या तोंडानं विचारणार आणि पाळी येईपर्यंत त्या रेघेवरून हलणार नाही. मग कुणी कितीही मायेनं म्हणू दे, पुढं हो रं.