तासलेल्या काठ्यांचं पोस्टर

साल्वासिओन पेनाफ्लोर हिला आमच्या भात संशोधन केंद्रात सगळे मनांग साल्विंग म्हणतात. मनांग म्हणजे ताई. केंद्राचे संचालकही म्हणतात आणि फाटकावरचा पहारेकरीही म्हणतो. तो तर तिच्याहून चार वर्षांनी मोठा आहे. वीसहून जास्त वर्षं ती इथल्या चिखलात उभी आहे. काम एकच, मोजणं. भाताचे फुटवे मोजायचे, लोंब्या मोजायच्या आणि गोगलगाईंची अंडी मोजायची.

फिलिपिन्समधल्या आमच्या पोतोतानच्या शिवारात गोगलगाय म्हणजे डोक्याला ताप. लावणी झाली की आठवडाभरात कोवळी रोपं बुडातून कापून टाकते. पण अंडी घालायला तिला पाण्याच्या वर यावं लागतं. म्हणून आम्ही बांधाकडेला बांबूच्या काठ्या रोवतो. गोगलगाय काठीवर चढते, गुलाबी अंड्यांचा घोस चिकटवते आणि खाली उतरते. मग ते घोस खरवडून काढणं सोपं जातं.

मी तेव्हा केंद्राच्या कचेरीत नुकतीच लागले होते. एक दिवस डॉक अब्रेनिका, म्हणजे आमच्या कीड विभागाचे प्रमुख, डबा उघडून बसले होते आणि मनांग दारात आली.

"डॉक, काठ्यांची साल तासायची की ठेवायची?"

"ठेवा की. हिरवी काठी रोपासारखी दिसते. गोगलगाय आपणहून येते."

"तिला रोपासारखी दिसते हे तुम्हाला तिनं सांगितलं?"

डॉकना ठसका लागला. पाणी पिऊन ते म्हणाले, "बरं, तुमचं काय म्हणणं?"

"रेड्यांनी अंग घासून ज्या काठ्यांची साल काढलीय ना, त्यांच्यावर घोस जास्त असतात. मी कधीपासून बघतेय."

"किती जास्त?"

"तेच तर! मोजू का?"

आणि त्यांनी हो म्हटलं. काठ्या तासायचं काम तिच्या नवऱ्याच्या, देल्फिनच्या, गळ्यात पडलं. देल्फिन बदकं पाळतो. अंगणात बसून त्यानं एकशे वीस काठ्या तासल्या, आणि तासताना एक दिवसही तोंड बंद ठेवलं नाही. "माझी बदकं गोगलगाई फुकटात खातात. आणि माझी बायको त्यांना बाळंतपणासाठी काठ्या गुळगुळीत करून देते!"

"गुळगुळीत नाही, खरबरीत होतात. हात लावून बघ," मनांग म्हणाली.

शेतात एक तासलेली, एक सालीची अशा दोनशे चाळीस काठ्या रोवल्या. मग मनांग डॉककडे गेली आणि म्हणाली की मी एकटीनं मोजणार नाही. लोक म्हणतील, बाईला जे हवं होतं तेच दिसलं. एका आठवड्याला मी, एका आठवड्याला पिलार.

हे ऐकून कचेरीतल्या सगळ्यांच्या माना वर झाल्या. पिलार पालाब्रिका शेतावर तिच्याच बरोबरीनं काम करायची. चर्चच्या गायनात पहिल्या रांगेत कोणी उभं राहायचं यावरून दोघींचं वाजलं होतं, आणि तीन वर्षं त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या. पिलारला विचारायला मलाच पाठवलं.

"तिची चूक पकडायची आहे?" पिलार म्हणाली. "कधीपासून सुरू करायचं सांग."

सोळा आठवडे मोजणी चालली. दोघींच्या वह्या माझ्याकडे यायच्या, एकीची दुसरीला दिसायची नाही. शेवटच्या सोमवारी पिलारनं वही माझ्या टेबलावर आदळली. "तासलेल्यांवर जवळजवळ दुप्पट आहेत. बरोबर आहे तिचं. आणि मी असं म्हटलं हे तिला सांगितलंस तर बघ."

मी अर्थातच लगेच जाऊन सांगितलं.

त्या वर्षी बाकोलोदला भातावरच्या किडींची परिषद होती. बाहेरदेशांतूनही माणसं येणार होती. डॉक म्हणाले, यावर पोस्टर करू. मी मजकूर टाइप करून मनांगला दाखवला, तर ती सगळ्यात वरच्या ओळीवर बोट ठेवून थांबली. माझं नाव मिरा, पण ती मला इंदाय म्हणते, म्हणजे पोरी.

"इंदाय, इथे चुकलंय. माझं नाव पहिलं आलंय. मग पिलारचं, आणि डॉकचं शेवटी."

"डॉकनीच तसं सांगितलंय."

ती तडक आत गेली. "डॉक, वर्णमालेनं लावलं तरी तुमचं नाव आधी येतं."

"वर्णमालेनं नाही लावलं, मनांग. प्रश्न तुमचा होता. आणि एक नियम आहे, ज्याचं नाव पहिलं त्यानं पोस्टरपुढे उभं राहायचं."

"आणि लोकांनी काही विचारलं तर?"

"मग उत्तर द्यायचं."

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पडला होता. खुर्चीवर बसून म्हणाली, "एकवीस वर्षांत मला शेतात कोणी काही विचारलं नाही गं. गोगलगाई विचारत नाहीत."

पोस्टर करताना आमची खूप भांडणं झाली. तिला सगळंच हवं होतं, दोनशे चाळीस काठ्यांचा एकेक आकडा. मी म्हणायचे, मनांग, माणूस दोन मिनिटं थांबतो, जास्तीत जास्त. शेवटी एक आलेख, चार वाक्यं आणि दोन फोटो एवढ्यावर आलो. फोटो तुमचा मोठा घेऊ की गोगलगाईचा, असं मी विचारलं. "गोगलगाईचा. ती दिसायला बरी आहे."

इंग्रजीतलं भाषण डॉकनी लिहून दिलं, तीन मिनिटांचं. दुपारच्या जेवणात शेतावरच्या बायकांपुढे तिनं ते म्हणून दाखवलं. पहिल्यांदा अकरा मिनिटं लागली, कारण मधेच थांबून ती प्रत्येक वाक्याचा खुलासा आमच्या हिलिगायनोनमध्ये करत होती. पिलार पाठ फिरवून लांब बसली होती. तिथूनच ओरडली, "‘सिग्निफिकंट’ म्हणताना जीभ अडखळतेय! पुन्हा म्हण!" तीन वर्षांतलं हे दोघींमधलं पहिलं बोलणं. मनांगनं पुन्हा म्हटलं.

छापायला मी नोंग कादयोच्या दुकानात गेले. नोंग म्हणजे दादा. आमच्याकडे वाढदिवस असो, निवडणूक असो, कुणाची मुलगी नर्स झालेली असो, सगळ्यांचे फलक नोंग कादयोच छापतात, आणि तो माणूस साधं काही छापूच शकत नाही. दुसऱ्या दिवशी पडद्यावर बघते तर चारी बाजूंनी गुलाबांची वेलबुट्टी, आणि मधोमध मनांगचा चेहरा, मागून सोनेरी किरणं फुटलेली. खाली मोठ्या अक्षरांत ‘अभिनंदन!’

"नोंग, हे विज्ञानाचं आहे."

"मग? विज्ञानवाल्यांना डोळे नसतात?"

तासभर हुज्जत घालून मी किरणं काढायला लावली. अभिनंदनही काढलं. गुलाबांवर मात्र ते अडून बसले, तेव्हा मी त्यांना खुर्चीतून उठवलं आणि स्वतः खोडले. आलेखाचे हिरवे-तपकिरी रंग त्यांना मरगळलेले वाटत होते. ते बदलून गुलाबी-हिरवे करतो म्हणाले. मी दमले होते. म्हटलं, करा.

निघायच्या सकाळी घाईघाईत गुंडाळी घेतली आणि आम्ही दोघी इलोइलोच्या धक्क्यावर बोट गाठायला पळालो. डॉक आदल्या दिवशीच पुढे गेले होते. मनांगनं पिशवीत दोन काठ्या घेतल्या होत्या, एक तासलेली, एक सालीची. धक्क्यावरच्या पोलिसानं त्या बाहेर काढल्या.

"आज्जी, हे काय?"

"आज्जी कोणाला म्हणतोस रे? हे गोगलगाईंचं बाळंतपणाचं सामान आहे."

त्यानं काठ्यांकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि मुकाट्यानं परत ठेवल्या.

बाकोलोदच्या त्या सभागृहात आमची जागा अगदी टोकाला, कॉफीच्या टेबलाशेजारी होती. आजूबाजूच्या पोस्टरांवर नकाशे, सूक्ष्मदर्शकातले फोटो, रंगीत ठिपक्यांचे ढग. आम्ही आमची गुंडाळी उलगडून वरचे दोन कोपरे बांधले. मनांग दोन पावलं मागे गेली. डोळे बारीक करून बघू लागली.

"इंदाय, हे उलटं आहे."

"सरळच तर टांगलंय."

"आलेख उलटा आहे. उंच खांब हिरवे आहेत. आणि खाली लिहिलंय, हिरवा म्हणजे सालीची."

रंग बदलताना नोंग कादयोंनी खालच्या दोन चौकोनांची अदलाबदल केली होती. पोस्टर मोठमोठ्यानं सांगत होतं की मनांग साल्विंग चुकली आहे. आणि ‘करा’ म्हणणारी मी होते. मला रडूच फुटलं.

"मी कागद कापून आणते, वर चिकटवू. कळणार नाही कुणाला."

"चिकटवायचं नाही. झाकलं की लोकांना वाटतं, खाली काहीतरी लपवलंय." तिनं हात पुढे केला. "जाड पेन आण. आणि डोळे पूस. कुणी मेलं नाहीये."

नोंदणीच्या टेबलावरून मी काळं पेन आणलं. शेताच्या वहीत करतात तसं तिनं केलं. चुकलेल्या शब्दावर एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी. शेजारी बरोबर शब्द. त्यापुढे सही आणि तारीख. दोन्ही चौकोनांपाशी. तेवढ्यात डॉक आले. ते बघून त्यांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले आणि म्हणाले, "छान. असंच हवं." मग ते कॉफी आणायला गेले, आणि बराच वेळ परत आले नाहीत. मला वाटतं, मुद्दामच.

पहिला अर्धा तास कोणी थांबलं नाही. लोक कॉफी घ्यायचे आणि आमच्याकडे पाठ करून गप्पा मारायचे. मनांग ताठ उभी, दोन्ही हातांत दोन काठ्या, केंद्राच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यासारखी. मग तीन परीक्षक आले. तिनं भाषण सुरू केलं, दोन वाक्यं म्हटली आणि तिसऱ्याला अडली. तिनं माझ्याकडे बघितलं. मलाही आठवेना. तिनं एक खोल श्वास घेतला आणि हिलिगायनोनमध्ये सुरू केलं. तासलेली काठी एका परीक्षकाच्या हातात दिली, सालीची दुसऱ्याच्या, आणि म्हणाली, "बोट फिरवून बघा." मी भराभर इंग्रजी करत होते.

त्यांतल्या सगळ्यात कडक दिसणाऱ्या गृहस्थांनी चष्मा वर केला. "कल्पना तुमची होती. मोजणीही तुमचीच. मग जे हवं तेच दिसलं नसेल कशावरून?"

मी भाषांतर करायच्या आत मनांग हसली. तिला प्रश्न कळला होता.

"अर्धी मोजणी पिलारनं केलीय. हे बघा तिचं नाव. ती माझ्याशी तीन वर्षं बोलत नाही. मी चुकावं म्हणून तिनं मेणबत्ती लावली असेल. तिचेही आकडे हेच आलेत."

ते गृहस्थ इतके हसले की त्यांची कॉफी सांडली. हसणं ऐकून कॉफीवाले मागे वळले, आणि मग मात्र गर्दी हटेना. मनांग कधी आमच्या भाषेत, कधी मोडक्या इंग्रजीत बोलत होती. "सिग्निफिकंट" तिनं चार वेळा म्हटलं, चारही वेळा न अडखळता.

गर्दीच्या कडेला एक ठेंगणी बाई पोस्टराला नाक लावून उभी होती. व्हिएतनामच्या मेकाँग खोऱ्यातल्या भात केंद्रातली, तुयेत नावाची, मनांगच्याच वयाची. तिनं त्या आडव्या रेघेवर बोट ठेवलं. "हे तुम्ही केलं? आज सकाळी?"

"हो. छापणाऱ्यानं चुकवलं."

"मी इथली साठ पोस्टरं बघितली. चूक कबूल करणारं हे एकच." मग तिनं वही काढली. काठी किती जाड, पाण्यावर किती उंच, दोन काठ्यांत अंतर किती, सगळं लिहून घेतलं. दोघींना एकमेकींचं इंग्रजी डॉकच्या इंग्रजीपेक्षा जास्त चांगलं कळत होतं.

बक्षीस दुमागेतेच्या एका मुलीला मिळालं, पिकांच्या बुरशीवरच्या पोस्टरासाठी. मनांगनं उभं राहून टाळ्या वाजवल्या. आम्हाला हजेरीचं प्रमाणपत्र मिळालं आणि कापडी पिशवी. परतताना बोटीवर तिनं दोन खोकी पियाया घेतली, त्या गुळाच्या पातळ पोळ्या. एक खोकं घरी, एक पिलारला. पिलारनं ते उघडलं, एक खाल्ली आणि म्हणाली, "बाकोलोदला याहून चांगली दुकानं आहेत." पुढच्या रविवारी गायनात दोघी पहिल्या रांगेत शेजारी शेजारी उभ्या होत्या. कोण किंचित पुढे होती, यावर अजून एकमत नाही.

चार महिन्यांनी तुयेतबाईंचा मेल आला. त्यांनी आपल्याकडे दोनशे काठ्या रोवून मोजणी केली होती, आणि निकाल नेमका उलटा होता. तिथल्या गोगलगाईंना सालीच्या काठ्याच आवडत होत्या. डॉकनी मेल छापून हातात घेतला आणि ते खोलीत येरझाऱ्या घालू लागले. "मिरा, मनांगला कसं सांगायचं?"

ती दारातच उभी होती. तिनं मला मेल वाचायला लावला. मी वाचला. मग ती खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली. तिचे डोळे चमकत होते.

"काठी कशाची होती ते लिहिलंय?"

"नाही."

"मग विचार. पाणी किती खोल होतं ते विचार. आणि मोजलं कोणी? एकटीनं मोजलं का? ते आधी विचार."

त्या दिवशी मी चौदा प्रश्न टाइप केले. आठवड्यात उत्तर आलं, सोबत त्यांचे बावीस प्रश्न. काठ्या बांबूच्या नव्हत्याच, दुसऱ्याच कुठल्या झाडाच्या होत्या, जाड सालीच्या. तेव्हापासून पत्रं चालू आहेत. यंदा मनांगनं तशा सालीची काठी शोधून काढली, आणि तुयेतबाईंनी बांबू आणवला. देल्फिननं पुन्हा अंगणात बसून काठ्या तासल्या, या खेपेला पहिल्यापेक्षा निम्म्याच. दोन्हीकडे एकाच दिवशी काठ्या रोवल्या. पहिली मोजणी येत्या सोमवारी आहे, पाळी पिलारची.