साडूंचा निकेल

ओमानात मस्कतपासून निझव्यापर्यंत गाडी घेऊन हिंडलात, तरी माझ्या साडूंइतका सावध माणूस तुम्हाला सापडणार नाही. ते एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहेत. इतर लोकांची नोकरी संध्याकाळी सुटते, साडूंची जेवताना, झोपताना आणि लग्नाच्या पंगतीतही चालू असते. कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी पंख्याकडे बघतात, मग पंख्याच्या हुकाकडे, आणि मग यजमानाकडे, ‘तुम्ही अजून जिवंत कसे’ अशा नजरेनं. आम्ही अल् खुवैरला नवा फ्लॅट घेतला तेव्हा लोकांनी कुंड्या दिल्या, फुलदाण्या दिल्या, साडूंनी लालभडक अग्निशामक सिलिंडर दिला. (आजवर मी तो फक्त बाल्कनीचं दार आपटू नये म्हणून लावलाय, हे त्यांना कृपया सांगू नका.) रुस्ताकच्या गरम झऱ्यावर सहलीला गेलो, तर सगळी पोरं पाण्यात पाय सोडून खिदळत होती आणि साडू काठावर उभे राहून पाण्याचं तापमान जाहीर करत होते. काही झालं तरी त्यांचं एकच वाक्य, “मूळ कारण शोधा, बाकी खलास!”

अशा या माणसानं ताईंना, म्हणजे माझ्या मोठ्या मेव्हणीला, शब्द देऊन सिगारेट सोडली होती. खरोखर सोडली. फक्त दुबईच्या एका फेरीत त्यांनी एक चकचकीत चंदेरी वेप, म्हणजे बॅटरीवरची सिगारेट, आणला. इथल्या दुकानांत तो विकायला बंदी, म्हणून साडू त्याला लहान बाळासारखं जपायचे. गाडीतल्या प्रथमोपचाराच्या डब्यात, बँडेजच्या खाली. रोज ऑफिसला जाताना, आणि दर शुक्रवारी आम्ही दोघं मासे आणायला जायचो तेव्हाही, सिग्नलला डबा उघडायचा, चंदेरी नळी ओठांत जायची आणि गाडीभर आंब्याचा वास सुटायचा. ताईंना वाटायचं, गाडीत हापूसचा एअर फ्रेशनर आहे. “ही नुसती वाफ आहे, साडूभाऊ,” ते मला समजावायचे. “सर्दी झाली की आपण घेत नाही का?” मी मान डोलवायचो. मान डोलवणं हा माझा एकमेव गुण आहे, त्यावरच मी वीस वर्षं नोकरी टिकवली.

मग साडूंच्या ओठांभोवती पुरळ उठलं. लाल, खाजरं, मिशीखाली मेंदी काढल्यासारखं. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटंही सोलायला लागली. झालं! साडूंना घरबसल्या एक अपघात मिळाला. चौकशी सुरू. पहिल्या आठवड्यात दाढीचा साबण निलंबित, दुसऱ्यात खजूर, तिसऱ्यात काहवा, म्हणजे इथली कॉफी. चौथ्या आठवड्यात संशय माझ्या बायकोच्या कैरीच्या लोणच्यावर आला. “भावोजी, माझ्या लोणच्यानं आजवर कुणाला शिंकसुद्धा आली नाही!” असं म्हणून ती चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही. गंमत म्हणजे ती नळी ज्या ओठांत आणि ज्या बोटांत रोज जात होती, नेमकं तिथंच पुरळ होतं. ते साडूंना दिसलं नाही, आणि शेजारच्या सीटवर बसलेल्या मलाही.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. केरळच्या होत्या, हिंदीत बोलत होत्या. अ‍ॅलर्जी कशाची ते शोधायला त्यांनी साडूंच्या पाठीवर कसल्याकसल्या पदार्थांच्या पट्ट्या चिकटवल्या. दोन दिवस आंघोळ नाही, आणि महिना जूनचा! साडू सोफ्याच्या कडेला ताठ बसून राहिले, तिकिटं लावून पोस्टात टाकायचं राहिलेल्या पाकिटासारखे. पट्ट्या काढायला त्यांना मीच गाडीतून नेलं, कारण त्यांना पाठ टेकता येत नव्हती. पट्ट्या निघाल्या, आणखी दोन दिवसांनी पाठ पुन्हा तपासली, आणि निकेलच्या पट्टीखालची जागा टोमॅटोसारखी फुललेली निघाली.

“निकेल की एलर्जी है,” बाई म्हणाल्या. “कोई धातु की चीज़ मुँह में, हाथ में रहती है? सीटी? वेप?”

शेजारी ताई बसल्या होत्या. साडूंनी ताईंकडे बघितलं, मग छताकडे. “नहीं डॉक्टर. बस, स्टील के बर्तन.”

मी भिंतीवरच्या तक्त्यात त्वचेचे थर मोजत होतो. तीन थर होते, मी चार वेळा मोजले.

“बर्तन से ऐसा आम तौर पर होता नहीं,” बाई म्हणाल्या. पण ताईंनी फक्त ‘स्टील’ ऐकलं होतं. घरी येताच मांडणी रिकामी झाली. ताटं, वाट्या, डबे, पराती, सगळं खोक्यांत गेलं. साडू आमटी काचेच्या वाडग्यातून, आइस्क्रीमच्या काडीएवढ्या लाकडी चमच्यानं खाऊ लागले. पुरळ मात्र जागचं हलेना, कारण शुक्रवारचा हापूस चालूच होता. तेव्हा ताई म्हणाल्या, “घरात असेल तोवर हात लागणारच. देऊनच टाकते.” लग्नापासून जमवलेली भांडी! पण त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. मी साडूंना गाडीत म्हटलं, “सांगून टाका हो.” ते म्हणाले, “सांगतो, इन्शाल्ला.” आमच्याकडे इन्शाल्ला म्हणजे ‘बघू पुढे कधीतरी’, हे इथं राहिलेल्याला सांगावं लागत नाही.

पुढच्या शुक्रवारी रत्नागिरीचा एक मेसवाला पिकअप घेऊन आला. त्याच्या मेसमध्ये साठ माणसं जेवतात. खोकं उघडून त्यानं एक पातेलं टिचकी मारून बघितलं. “भाभी, माल एकदम भारी आहे. नक्की द्यायचा ना?”

“नक्की,” ताई म्हणाल्या. “माणसापेक्षा भांडी मोठी नाहीत.”

साडू उठले आणि लिफ्टची वाट न बघता जिना उतरून गेले. परत आले ते प्रथमोपचाराचा डबा घेऊन. बँडेज बाजूला सारून त्यांनी ती चंदेरी नळी टेबलावर ठेवली.

“भांडी नकोत द्यायला. हे आहे मूळ कारण.”

ताईंनी नळी उचलून हुंगली. मग माझ्याकडे वळल्या. “तुम्हाला ठाऊक होतं?”

“थोडंसं,” मी म्हटलं.

मेसवाला शहाणा माणूस. “यल्ला, चला भाभी, मी नंतर येतो,” म्हणून तो निघून गेला आणि नंतर कधीच आला नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी साडूंना शाळेतल्यासारखं झापलं. डॉक्टरपासून लपवलं तर पट्ट्या लावून उपयोग काय? मग त्यांनी नीट समजावलं. वेपच्या बाहेरच्या धातूत निकेल असतो, घामानं आणि थुंकीनं तो कातडीला लागतो. हाताला सिलिकॉनचं कव्हर वाचवेल, ओठांना प्लास्टिकची किंवा काचेची नळी. पण आत तापणाऱ्या तारेतही निकेल असू शकतो, त्याचे कण वाफेबरोबर आत जातात, तिथं कव्हर कसं घालणार? तुमच्यासाठी सोडणं हाच उपाय.

साडूंमधला सेफ्टी ऑफिसर जागा झाला. “मतलब, सिलिकॉन का कव्हर और काँच की नली लगाई तो...” ताईंनी नुसतं बघितलं. “खलास,” साडू स्वतःच म्हणाले.

संध्याकाळी खोकी उघडली. ताई भांडी विसळत होत्या, साडू रबरी मोजे घालून पुसत होते. एका पातेल्यापाशी साडू थांबले. काठावर ताईंचं नाव कोरलेलं होतं, आणि पुढे बारीक अक्षरांत ‘आईकडून’.

“हे आईंनी दिलेलं?”

“शेवटचं. आजारी होती, तरी स्वतः जाऊन नाव घालून आणलं तिनं.”

“मला माहीतच नव्हतं.”

“रोजचं दूध त्यातच तर तापतं,” ताई म्हणाल्या.

साडूंनी ते पातेलं पुसलं, दिव्याखाली धरलं, पुन्हा पुसलं. मोजे घातलेला अंगठा त्या अक्षरांवरून दोनदा फिरला. पुढची ओली भांडी साचत गेली, तरी ताईंनी घाई केली नाही.

घरी आल्यावर मी बायकोनं माहेरून आणलेली परात भिंतीवरच्या खिळ्यावरून काढली आणि तिचा काठ उजेडात फिरवून बघितला. काहीतरी कोरलेलं होतं खरं, पण झिजून पुसट झालं होतं. चष्मा घेऊन येईपर्यंत बायकोनं तीत कणीक भिजवायला घेतली होती.