सुनंदाताई, हात काढा

भूत, करणी, अंगात येणं... या सगळ्याविरुद्ध पत्रकं वाटतच मी मोठी झाले. पिंपरीतल्या आमच्या घरात देव्हारा नव्हता, पत्रकांचे गठ्ठे होते. त्यामुळे पुढचं लिहिताना मला स्वतःचाच राग येतोय.

मी ताथवड्यात वेब डेव्हलपर आहे. चाकणच्या एका कारखान्यासाठी आम्ही मशीनांची स्थिती दाखवणारी स्क्रीन बनवली. पत्रा दाबणाऱ्या प्रत्येक प्रेस मशीनचा एक चौकोन, म्हणजे एक कंपोनंट. एक कोसळला तर अख्खं पान पांढरं पडू नये, म्हणून प्रत्येकाभोवती एरर बाउंड्री घालतात. पडलेल्या चौकोनात आपण ठरवलेलं वाक्य दिसतं. मी लिहिलं होतं, ‘सेन्सरची माहिती येत नाही, मशीन थांबवा.’

मॅनेजर म्हणाले, "अगं बाई, क्लायंटला घाबरवायचंय का? ग्रेसफुली हँडल कर!"

वाक्य बदलावं लागलं — ‘कृपया थोड्या वेळाने पाहा.’

डेमो कारखान्यातच होता, भर दुपारी, मशीनांना लागून असलेल्या काचेच्या केबिनमध्ये. चहा आला आणि एक चौकोन पडला. त्यात अक्षरं उमटली — ‘सुनंदाताई, हात काढा.’

"हा काय जोक?" मॅनेजर हसले.

मी दार ढकलून त्या मशीनकडे धावले, तेच ओरडत. तिथल्या बाईंनी दचकून हात मागे घेतला. प्रेस रिकाम्या जागी आदळली. मी लाल बटण दाबलं.

"पोरी, माझं नाव कुनी सांगितलं तुला?" त्यांनी विचारलं. "हितं समदी मला मावशीच म्हनत्यात."

नंतर कळलं, हात आत असताना प्रेस अडवणारा सेन्सर जेवणाच्या सुट्टीनंतर वायर जोडून बायपास केला होता. प्रॉडक्शन वाढावं म्हणून! माहिती यायची थांबली, चौकोन पडला. इथवर सगळं समजतं.

सुपरवायझर मात्र माझ्यावरच खेकसला, "मॅडम, लाइन कुणाला विचारून थांबवली?"

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराने सुनंदाताईंना गेटवरूनच परत पाठवलं.

मी कोड, सर्व्हर, लॉग, सगळं उपसलं. ते वाक्य कुठेच नाही. नाव तर असणंच शक्य नाही — कंत्राटी कामगारांचे आम्ही फक्त नंबर भरतो.

त्या वायरचं स्पष्टीकरण आहे... ते कुणीच मागत नाही. या वाक्याचं माझ्याकडे आजही नाही, आणि ऑफिसात मला तेवढंच विचारतात.