भट्टीवरची हजेरी

“गैरहजर नाय ती पोरं, गुरुजी. जरा लांब बसलीत.” मी हजेरी घेऊ लागलो की शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिका, आमच्या बाई, असं म्हणायच्या आणि हातातला मोबाइल माझ्याकडे फिरवायच्या. लांब म्हणजे पार भिवंडीकडच्या वीटभट्टीवर.

मुरबाडच्या आमच्या डोंगरपाड्यांचं तुम्हाला ठाऊकच असेल. दिवाळी झाली की निम्मा पाडा पोरांसकट भट्टीवर जातो, तो पावसाच्या तोंडाशी परततो. तोवर वर्ग ओस. आमच्या दोन शिक्षकांच्या शाळेत मी हे वर्षानुवर्षं निमूट पाहत आलो होतो. ओस वर्गात डुलकी छान लागते. बाई धसईच्या शेतकरी घरातल्या, डुलकीच्या सक्त विरोधात. त्यांनी फळ्यासमोर बांबू रोवला, त्याला फोन बांधला आणि शिकवणं थेट भट्टीवर दाखवू लागल्या. तिकडे भाकरीची सुट्टी झाली की पोरं बापाचा फोन कच्च्या विटांच्या थप्पीला टेकवून बसायची.

एकदा बांबू कलला, म्हणून बाईंनी फोन माझ्या हाती दिला. मी मन लावून भागाकार दाखवला. कॅमेरा माझ्याच बाजूचा चालू होता. पोरांनी अख्खा तास माझं नाक पाहिलं. दुसऱ्या दिवशी भट्टीवरून निरोप आला, आज गुरुजींना नका घेऊ.

अशाच एका दुपारी तपासणीला साहेब आले. समोर नाहीत त्यांची नावं कमी करा म्हणाले. नावं गेली की पट पडणार, पट पडला की शाळेला कुलूप. मग परतलेल्या पोरांनी जायचं कुठं? मी मान डोलावली. माझी मान त्या कामात तरबेज आहे.

बाईंनी बांबूवरचा फोन सोडला आणि फळ्यापुढे उभ्या साहेबांच्या तोंडासमोर धरला. “तुमीच सांगा त्यांना, साहेब. ऐकतायत ती.”

पडद्यावर मातीने माखलेले चेहरे. साहेबांनी घसा खाकरला. तेवढ्यात तिकडून एक पोरगी म्हणाली, “सायेब, सरका ना जरा. फळा दिसत नाय.”

साहेब सरकले.

नावं राहिली. पावसाआधी पोरं आली आणि आपापल्या जागी बसली. बाईंची मात्र तोवर कसाऱ्याकडे बदली झाली होती. कारण कोणी सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. मी रडवेला होऊन एसटीपर्यंत सोडायला गेलो, तर मलाच दटावलं. “रडताय काय? तिकडचीबी पोरं जातातच की भट्टीवर.”

गाडी हलली. हात हलवतील म्हणून मी थांबलो. बाई शेजारणीला विचारत होत्या, तिकडं रेंज कुठवर येते.