मारबतीला दिलेला शालू

माझ्या लग्नाचा शालू माझ्यापेक्षा माझ्या नवऱ्यानं जास्त वेळा नेसला. मी तो लग्नात नेसले आणि पुढे एकदा नणंदेच्या लग्नात. तो मात्र दरवर्षी हिवाळाभर नेसायचा. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, मंडईत खडी गंमत, म्हणजे तमाशासारखा नाचगाण्याचा खेळ होतो आणि त्या खेळात माझा नवरा बाईचं काम करायचा. त्याच्यासारखी लाजणारी बाई नागपूर-भंडाऱ्यात नाही, असं लोक सांगायचे. त्याचा अंबाडा मी बांधायची, निऱ्या मी घालायची आणि तो निघाला की दार लावून घरात बसायची. घरंदाज बायकांनी गंमत पाहायची नसते. माझ्या नवऱ्याला बाई म्हणून नाचताना मी एकदाही पाहिलं नाही.

दारूनं त्याचं लिव्हर गेलं. धंतोलीतल्या एका दवाखान्यात तो वारला, तेव्हा त्याच्या मागे एक पत्र्याची ट्रंक राहिली: लुगडी, खोट्या वेण्या, घुंगरं, दोन कमरपट्टे आणि माझा शालू. सासरच्यांनी सांगितलं, जाळून टाक. मी त्यातले कपडे भाड्यानं द्यायला लागले.

इतवारीतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत दुकान झालं. आधी गंमतवाले यायचे, मग शाळा यायला लागल्या. कृष्णाचे मुकुट, मावळ्यांच्या पगड्या, परीचे पंख, सगळं मी हातानं शिवलं. सदरच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर माझ्याशी घासाघीस करून थकायच्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा माझ्याकडेच यायच्या. डिपॉझिट हातात पडल्याशिवाय मी मोरपीससुद्धा उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं नाही. गल्लीत मला तोंडाळ म्हणायचे. म्हणू देत. तोंड नसतं तर एक मुकुट परत आला नसता.

फुकट जायचे ते फक्त मारबतीचे कपडे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शहराच्या मोठ्या मारबती निघतात, त्यांच्या मागे गल्लीगल्लीच्या लहान मारबती आणि बडगे. आमच्याही गल्लीची एक होती. बांबूच्या सांगाड्याची, कागदाच्या तोंडाची भलीमोठी बाई. रोगराई घेऊन जा म्हणून तिला ओरडून सांगायचं आणि गावाबाहेर नेऊन जाळायचं. तिच्यासोबतचा बडगा म्हणजे त्या वर्षी ज्याचा राग असेल त्याचं बुजगावणं, कधी काळाबाजारवाला, कधी एखादा पुढारी. बांधायचे पुरुष, उचलायचे पुरुष, ओरडायचे पुरुष. आम्ही बायांनी ओट्यावर उभं राहून हात जोडायचे. निघण्याआधी मांडवातल्या भोंग्यावरून नावं पुकारत: बांबू अमक्याचे, कागद तमक्याचा, खळ फलाण्याकडची. कपडे कोणाचे, ते कधीच कोणी पुकारलं नाही.

ते दुखणं मनात होतंच. त्याला तोंड फुटलं ते एका गिऱ्हाइकामुळे.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी आफ्रिकेतली बरीच मुलं नागपुरात शिकायला असत. त्यातला एक उंच मुलगा पावसाळ्यात दुकानी आला. नायजेरियाचा, इग्बो जातीचा. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये त्याला त्याच्या गावचं सोंग दाखवायचं होतं. जुन्या चिंध्या, गोणपाट आणि घुंगरं पाहिजे होती. त्याची हिंदी मोडकी, माझीही काही धड नव्हती.

"किसका नाप लूं?" मी टेप काढला.

"नाप नहीं. अंदर कोई नहीं है."

"तो चलेगा कैसे?"

"वो जमीन के नीचे से आता है. मरा हुआ परदादा."

"ठीक है. परदादा की छाती कितनी थी?"

तो इतका हसला की पलीकडचा पानवाला डोकावून गेला. "मां जी, हमारे गांव में ये पूछा तो आपको बहुत मार पडेगी."

घासाघीस चालू असताना त्यानं सांगितलं. त्याच्या गावात मुखवटा निघाला की बायकांनी पळायचं. आत माणूस आहे असं बाईनं म्हणायचं नाही. मुखवटा एखाद्या बाईच्या दाराशी जाऊन तिच्या चुका गाऊन दाखवतो आणि तिनं ते खाली मान घालून ऐकायचं.

"और औरतों को मालूम नहीं अंदर कौन है?"

"सबको मालूम है. मेरी मां तो अपने भाई के पैर पहचानती है. फिर भी चिल्लाती है, भागती है."

"क्यों?"

"नहीं भागेगी तो वो परदादा नहीं रहेगा. मामा रह जाएगा."

हे मला फार आवडलं. त्यानंतर तो दुकानी येऊन बसायचा. त्याच्या देशातल्या लेखकांच्या कादंबऱ्या त्याच्या पिशवीत असत. ह्यात बाया काय करतात, मी विचारलं. रांधतात, पोरं वाढवतात, मार खातात, तो म्हणाला. मग म्हणाला, आता तिकडच्या बायकाही लिहायला लागल्या आहेत आणि त्यांच्या पुस्तकांत बाया बोलतात. आणखी दोन गोष्टी त्यानं सांगितल्या, त्या मी विसरले नाही. त्याच्याकडे काही गावांत एका म्हाताऱ्या बाईला मान असतो. तिला मुखवट्याची आई म्हणतात. तिला आतलं सगळं माहीत असतं आणि ती उघडपणे मुखवट्याच्या बाजूला उभी राहते. दुसरी गोष्ट ही की एखादा माणूस फारच माजला, तर गावच्या बाया मुसळं घेऊन त्याच्या दारात जाऊन बसतात. त्याच्यावर गाणी रचतात, भिंती ठोकतात, आणि तो माफी मागेपर्यंत उठत नाहीत.

मला ते आईपण पाहिजे होतं. आमच्या मारबतीचं.

मंडळाचा अध्यक्ष माझा धाकटा दीर. पोळ्याच्या आठवडाभर आधी तो दुकानी आला.

"वहिनी, कपडे काढून ठेवजा. पोरं येतीन न्यायले."

"यंदा फुकट नाही भेटत, भाऊजी."

"मारबतीचं भाडं घेता का आता?"

"भाडं कोण मांगून राहिलं? तिले मी नेसवतो. मांडवात, सगळ्यायसमोर."

"काहून?"

"काहून म्हंजे? तुमच्या पोरायले निऱ्या येतात का? मागच्या साली मारबत होती का धोब्याचं गाठोडं? अन् भोंग्यावरून नावं घेता, तवा माझंबी घ्या. खळवाल्याचं घेता ना?"

"बाईचं नाव भोंग्यावर? चांगलं दिसते का?"

"मारबत बाईच हाय ना जी."

तो गप्प बसला. मी धंद्याची बाई. समोरचा गप्प बसला की आणखी थोडं पुढं सरकवायचं, हे मला कळतं. मी म्हटलं, तुम्ही एवढं करा, मी यंदा शालू देते. जळाला तरी चालेल.

त्यानं मान वर केली. "दादाचा?"

"माझा," मी म्हटलं.

"चालते," तो म्हणाला. "पण शालू आधी द्या. पोळ्याच्या दिवशी मांडवात पूजेले ठेवू."

मोरपिसाला डिपॉझिट घेणारी मी. पण देवाच्या कामात घरच्या माणसाकडून काय लिहून घ्यायचं? पोळ्याच्या संध्याकाळी मी शालू घडी करून, कापूर ठेवून, माझ्या हातानं त्याच्या हातात दिला. भिशीतल्या बायांना आधीच सांगून ठेवलं होतं. दोन घरं सोडून राहणारी माझी मैत्रीण तर म्हणाली, "तू नेसव वं, मी पदर धरतो. पाहू कोण काय म्हणते ते." सगळ्या हसल्या, सगळ्या येतो म्हणाल्या.

सकाळी आंघोळ करून, पिना आणि सुईदोरा घेऊन मी मांडवात गेले. मारबत नेसवून झाली होती. रंगीत घोटीव कागदाचं लुगडं, चुकीच्या निऱ्यांचं. भोंग्यावर नावंही सुरू झाली होती. मी दिराला हाक मारणार तेवढ्यात मागचा बडगा दिसला.

बडगा बाईचा होता. अंगात माझा शालू. गळ्यात शिंप्याचा टेप, नाकावर माझ्यासारखाच दोऱ्यानं बांधलेला तारेचा चष्मा, काखेत माझ्यासारखीच कापडी पिशवी. तोंड एवढं मोठं उघडं रंगवलेलं की आत मुठी गेल्या असत्या. कपाळ मात्र कोरं ठेवलं होतं. ते त्यांनी बरोबर लक्षात ठेवलं होतं.

"भाऊजी, हे काय हाय?"

"महागाई," दीर म्हणाला. तो माझ्याकडे पाहत नव्हता. "पोरायनं केलं, वहिनी. मले कालच मालूम झालं."

"शालू काढा."

"आता काढला तर फाटंन. अन् तुमीच म्हणलं ना, जळाला तरी चालते."

मागून कोणीतरी म्हणालं, "घ्या, यंदा भावबी नाही केला बाईनं!" आणि पोरं हसली.

मी घरी आले. उखळाजवळचं मुसळ उचललं आणि दिराच्या दारात जाऊन बसले. त्या मुलानं सांगितलेलं डोक्यात होतं. मी मुसळ दारावर आपटलं. जाऊबाईनं दार उघडलं, घाबरून म्हणाली, "अवं बाई, ते तं मांडवात हायेत. आत या, चहा घ्या." मी म्हटलं, चहा नको, शालू पाहिजे. ती रडायला लागली आणि तिनं दार आतून लावून घेतलं. मी तिथेच बसून मैत्रिणीला हाक मारली. भिशीतल्या एकेकीला हाक मारली. तोपर्यंत ढोल सुरू झाले होते आणि सगळ्या ओट्यावर आल्या होत्या, डोक्यावर पदर घेऊन, दरवर्षीसारख्या. एकही खाली उतरली नाही.

मारबत गेली. मग बडगा आला. पोरं मारबतीला ओरडून सांगत होती, हिलेही घेऊन जा. शालूचा जर उन्हात चमकत होता. मैत्रिणीच्या ओट्यावरून एकीनं विचारलं, "कोण वं ही?"

मैत्रीण सरळ बडग्याकडे पाहत म्हणाली, "मले काय माहीत? महागाई असंन."

तिच्या पायाशी बसून मी इतक्या दुपारी भाज्या निवडल्या होत्या. तो टेप तिनं हजारदा माझ्या गळ्यात पाहिला होता. ती मला ओळखत नव्हती असं नाही. ओळखायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि तिच्या बाजूच्या सगळ्यांनीही.

मी उठून उभी राहिले आणि ओरडले, "महागाई नाही, मी हाव ते! शालू माझा हाय!"

ढोलवाल्यांनीही हात थांबवले. मग सगळी गल्ली हसली. आधी पोरं, मग पुरुष, मग ओट्यावरून पदराआडून बाया. सांगून टाकल्यानं सोंग मोडेल असं मला वाटलं होतं. ते मोडलं नाही. उलट सगळ्यांना मोकळेपणानं हसता आलं. मुसळ हातात धरून मी उभी होते आणि बडगा माझ्यासमोरून वळून मोठ्या रस्त्याला लागला. जाळायला फक्त पुरुष जातात. शालू कुठे जळाला, ते मला आजतागायत माहीत नाही.

दोन दिवसांनी मैत्रीण चिवड्याची वाटी घेऊन आली. तिनं सांगितलं, तिच्याच मागच्या अंगणात त्या बडग्यात भाताची तणस भरली होती. तीन-चार दिवस ती पाहत होती. तिच्या नवऱ्यानं सांगितलं होतं, बोललीस तर पाहा.

"अन् तुले सांगून काय झालं असतं वं?" ती म्हणाली. "तू तं भांडलीच असती. मार मी खाल्ला असता."

ते खरं होतं, म्हणून राग जास्त आला. चिवड्याची वाटी मी तशीच परत केली.

तो मुलगा घुंगरं परत द्यायला आला. त्याचं सोंग गॅदरिंगमध्ये छान झालं होतं. पहिल्या रांगेतल्या मुली खरंच किंचाळल्या, असं तो खुशीनं सांगत होता. मी त्याला सगळं सांगितलं आणि विचारलं, "तुम्हारे यहां कोई औरत अकेली जाकर बैठी तो?"

"अकेली कोई नहीं बैठती, मां जी."

"बैठी तो?"

तो घुंगरांच्या दोऱ्याशी खेळत राहिला. "तो लोग बोलेंगे, पागल है."

पुढच्या वर्षी पोळ्याआधी दीर आला, जसं काही झालंच नाही. "वहिनी, कपडे काढून ठेवजा." मी नाही म्हटलं. मी वाट पाहिली की तो काही बोलेल, घासाघीस करेल, निदान चिडेल. तो "बरं" म्हणाला आणि गेला. मारबत पुन्हा कागद नेसून निघाली. कोणालाही काही कमी वाटलं नाही. त्यानंतर मला कोणी कपडे मागितले नाहीत.

मैत्रीण नातवासाठी दर गोकुळाष्टमीला कृष्णाचा पोशाख न्यायची. एकदा मुकुट हातात धरून ती म्हणाली, "तुझ्या नवऱ्याचा शालू लई चांगला होता वं. कसा दिसायचा तो त्याच्या अंगावर!"

"माझा होता," मी म्हटलं.

तिनं मान हलवली, तापात बरळणाऱ्या माणसाला हो म्हणतात तशी.

मी मुकुट तिच्या हातातून काढून घेतला आणि म्हटलं, आधी डिपॉझिट ठेव.