नळाजवळची अट्रॅक्टा

आयर्लंडातल्या आमच्या क्लूनशीत अट्रॅक्टा गॉर्मलीच्या हाताखालून गेलं नाही असं डोकं सापडायचं नाही. गावात केस कापायचं दुकान नाही. अट्रॅक्टाच कात्री, कंगवा आणि फुलाफुलांचा एप्रन घेऊन घरोघर जाते, स्वयंपाकघरात खुर्ची ओढते आणि भल्याभल्यांना मान खाली घालायला लावते. फादरनाही ती "हलू नका, नाहीतर कान जाईल" असं सुनावते. पासष्टी उलटली तरी तिचा हात थरथरत नाही, आणि जिभेचं तर विचारूच नका.

फक्त वर्षातून एक दिवस ही बाई गप्प असायची, कबरींच्या रविवारी.

त्या दिवशी अख्खं गाव दफनभूमीत जमतं. तण काढून, खडी धुऊन, फुलं लावून आधीच तयारी झालेली असते. जो तो आपल्या माणसांच्या कबरीपाशी उभा राहतो. थोरला डोक्याशी, मग वयाप्रमाणे पायांकडे. फादर एकेका कबरीवर पवित्र पाणी शिंपडत जातात. अट्रॅक्टा मात्र फाटकाजवळच्या नळापाशी, लोकांच्या बाटल्या आणि झाऱ्या भरून देत. ब्रिजिड गॉर्मली या शिवणकाम करणाऱ्या बाईनं तिला अनाथाश्रमातून आणून वाढवलं, स्वतःचं नाव दिलं. पण ब्रिजिड गेल्यावर तिच्या भाच्यांनी कबरीभोवती असं कडं केलं की अट्रॅक्टाला पाय ठेवायला जागा उरली नाही. एका वर्षी मी त्यांना चारचौघांत झापायला निघाले होते, तर हिनं माझी बाही धरली.

"राहू दे गं ऊना. पाणी कुणीतरी भरायला हवंच ना."

पुढे कायदा बदलला आणि तिच्यासारख्यांना जन्माचे दाखले मिळायला लागले. तिचा आला. आईचं नाव मेरी केली. मी कपाळाला हात लावला. आमच्या जिल्ह्यात कुठलाही दगड उचला, खाली एक मेरी केली असते! दोघींनी मिळून चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी चाळल्या. वयात बसणाऱ्या इतक्या मेऱ्या निघाल्या, की अट्रॅक्टा म्हणाली, "एवढ्या जणी, आणि एकीलाही मी ठेवून घ्यावीशी वाटली नाही." ती हसली. मला हसू आलं नाही.

मग तिनं डीएनए चाचणी करायचं ठरवलं. नळीत थुंकायचं आणि ती नळी पोस्टानं पाठवायची.

"आयुष्यभर लोकांचे केस झाडले," ती म्हणाली, "आता माझी थुंकी झेलायची पाळी दुसऱ्या कुणाची."

उत्तर आलं ते थेट ऑस्ट्रेलियातून. बॅलरॅटची गेनर नावाची एक बाई आपले आयरिश पूर्वज शोधायच्या नादी लागली होती. वंशवृक्ष काढून बसली होती, पणजोबांच्या गाईमेंढ्यांपर्यंत पोचली असेल म्हणा ना. चाचणीनं सांगितलं की या दोघी नात्यानं मावस किंवा चुलत बहिणी लागतात. बाकीचं गेनरच्या कागदांनी सांगितलं. तिच्या आईला एकुलती एक बहीण होती, मेरी केली. लग्नानंतरची मेरी स्कॅहिल, राहणार किलबारन. म्हणजे आमच्या डोंगराच्या पलीकडचंच गाव! नीट चाललेलं लग्न, एक मुलगा मॅलकी, एक मुलगी डिंफना. आणि लग्नाआधीची एक, जिच्याबद्दल त्या घरात कुणी चकार शब्द काढला नव्हता. मेरी दोनच वर्षांपूर्वी गेली होती. इतकी वर्षं इतक्या जवळ असून गाठ पडली नाही, म्हणून अट्रॅक्टा माझ्या टेबलाशी बसून ढसाढसा रडली. मीही रडले.

तिनं मॅलकीला फोन केला तेव्हा मी शेजारीच होते.

"माझी आई तसली नव्हती," तो म्हणाला. "आणि जमिनीचं काही असेल तर वकिलाशी बोला." फोन ठेवून दिला.

"जमीन म्हणे!" मी उसळले. "त्या दलदलीला बदकंसुद्धा नाक मुरडतील! मी जाते आणि बघते त्याच्याकडे."

"मला काहीच नको गं. एकदा आईच्या कबरीपाशी उभं राहायचंय, बस."

"मग उद्याच जाऊ. अडवतंय कोण?"

"असं चोरासारखं नाही. त्यांच्या कबरींच्या रविवारी जायचं, सगळ्यांसमोर. त्यांनी बोलावलं तरच कबरीशी जायचं. नाहीतर परत यायचं आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही."

तो मेला बोलावतोय कशाला, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण गाडी मीच काढली.

किलबारनच्या दफनभूमीत शिरलो आणि बाईसाहेब सवयीनं सरळ नळाकडे! मला असा राग आला. तिथेही लगेच लोकांच्या बाटल्या भरायला लागली. तेवढ्यात झारी घेऊन एक आडवातिडवा माणूस आला. केस कानांवर आलेले, कोटाचं बटण तुटलेलं. अट्रॅक्टानं झारी घेतली, नळाखाली धरली आणि वर पाहिलं. ओळखीचं कुणी दिसावं तसा तो तिच्या तोंडाकडे बघतच राहिला. झारी भरली, पाणी वाहून त्याच्या बुटांत गेलं, तरी त्याला भान नाही. मग झारी उचलून तो निघून गेला. स्कॅहिलांच्या कबरीपाशी गेला तेव्हा कळलं, मॅलकी तो हाच.

प्रार्थना सुरू झाली. फादर पहिल्या रांगेतून शिंपडत येऊ लागले. अट्रॅक्टानं ओले हात एप्रनला पुसले. होय, एप्रन घालूनच आली होती! "चल, ऊना," ती हळूच म्हणाली. "झालं बघून." मी गाडीच्या किल्ल्या काढल्या.

"अट्रॅक्टा!"

सगळी दफनभूमी वळली. मॅलकीचा चेहरा बीटासारखा लाल झाला होता.

"तिथे काय करतेस? फादर आलेच. इकडे ये."

ती गेली, आणि आईच्या पायांशी, अगदी शेवटी उभी राहायला लागली.

"तिथे नाही," मॅलकी म्हणाला. बापाच्या माघारी तोच कबरीच्या डोक्याशी उभा राहत आला असणार. तिथून तो एक पाऊल खाली सरकला. "थोरल्याची जागा इथे."

"मग मी कुठे जाऊ?" डिंफना फणकारली.

"तू माझ्या खाली. सरक."

डिंफना कुंडी उचलून कुरकुरत सरकली. सगळं किलबारन बघत होतं, आणि बघू दे, म्हटलं. फादर आले, पाणी शिंपडलं. दगडावर हात ठेवून अट्रॅक्टा उभी होती, डोळे वाहत होते, ओठ प्रार्थना म्हणत होते. प्रार्थना संपली.

मग तिनं नाक पुसलं आणि मॅलकीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"केस किती वाढवलेस रे हे!" ती म्हणाली. "मंगळवारी घरी असशील ना? कात्री घेऊन येते."

"असतो," मॅलकी म्हणाला आणि आपसूक मान खाली घातली.